सात इंच पावसाचं कुरण

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातलं कोलस्ट्रिप हे गाव नॉर्दर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १९२४ मध्ये वसवलं. कंपनीच्या वाफेच्या इंजिनांना कोळसा हवा होता आणि तो इथे जमिनीपासून फार खोल नव्हता. वरची माती आणि खडक ओढून बाजूला टाकायचे, खालचा सातेक मीटर जाडीचा थर उचलायचा, पुढे सरकायचं आणि नव्या खड्ड्यातली माती मागच्या खड्ड्याच्या तोंडावर लोटायची, अशी तिथली रीत होती. १९५८ मध्ये रेल्वेने डिझेल इंजिनं आणली, कोळशाची गरज संपली आणि खाण बंद पडली. मागे उरल्या त्या ढिगाऱ्यांच्या लांबच लांब रांगा. त्यांवर कुणी काही पेरलं नाही, कारण पेरायला लावणारा कायदाच तेव्हा नव्हता.

पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरांतही असे ढिगारे होते. पण तिथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघडा पडलेला उतार तिथेही ढासळतो, नाले गढूळ करतो, तरी काही वर्षांत त्यावर काही ना काही हिरवं येतं. कोलस्ट्रिपला पाऊस चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथले ढिगारे वर्षानुवर्षं जवळपास तसेच राहिले. १९६८ मध्ये त्याच गावात पुन्हा खाणकाम सुरू झालं, तेव्हा आसपासच्या गुरंवाल्यांपुढे कोळसा नेल्यावर जमिनीचं काय होतं याचा नमुना उभाच होता. पुढची दहा वर्षं अमेरिकेत खाणींच्या जमिनीवरून जो झगडा झाला, त्यात या जुन्या ढिगाऱ्यांचा वाटा मला फार मोठा वाटतो. भाषणं करून जे पटलं नसतं ते लोकांना गाडीच्या खिडकीतून दिसत होतं.

कोरड्या मुलखातली जमीन बाहेरच्या माणसाला उघडीबोडकी वाटते. झुडपं गुडघ्याएवढी, गवताचे ठोंब एकमेकांपासून हातभर अंतरावर आणि मधे मोकळी माती. इथे बिघडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटावं. सगळं आहे ते वरच्या वीतभर मातीत. गवताचं आणि झुडपांचं बी, मुळांना लगडलेली बुरशी, थोडाबहुत कुजका पाला हे सारं त्या वीतभरात असतं आणि ते जमायला हजारो वर्षं लागलेली असतात. त्याखाली पुष्कळ ठिकाणी प्राचीन समुद्राच्या गाळाचे खडक आहेत आणि त्यांत सोडियम भरलेला आहे. खाणीचं यंत्र वरची माती आणि हा खडक एकत्र कालवतं तेव्हा तयार होणारी जमीन कृष्णाकाठच्या ऊसवाल्याला वेगळी सांगावी लागणार नाही. ती चोपण. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, पहिल्याच सरीत वरची छिद्रं बुजतात आणि ऊन पडलं की कडक खपली धरते. जिथे पाऊस आधीच सात-आठ इंच, तिथे त्यातला निम्मा या खपलीवरून वाहून गेला तर बियाण्याला उरतं काय? शिवाय वर चांगली माती पसरली तरी खालचा सोडियम ओलीबरोबर हळूहळू वर चढतो. म्हणून खडकाचा कुठला थर तळाशी गाडायचा आणि कुठला वर ठेवायचा, हे खणण्याच्या आधी ठरवावं लागतं. नंतर ते हातात राहत नाही.

हे शास्त्र १९७० साली फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पण मागणी येऊन थडकली होती. त्या वर्षीच्या हवा-शुद्धतेच्या कायद्यामुळे कमी गंधकाचा कोळसा हवाहवासा झाला, आणि असा कोळसा पश्चिमेकडे वायोमिंग आणि मोंटानात भरपूर होता. ऑक्टोबर १९७१ मध्ये केंद्र सरकारचं जलसिंचन खातं आणि वीज कंपन्या यांनी मिळून एक आराखडा मांडला. त्यात पश्चिमेच्या त्या पठारी राज्यांत ४२ औष्णिक वीज केंद्रं सुचवली होती, आणि त्यांतली निम्मी एकट्या मोंटानात. आराखडा वाचून गुरंवाले हादरले. त्यांच्या काळजीचं आणखी एक कारण १९१६ च्या कायद्यात होतं. सरकारने चराईसाठी त्यांच्या वाडवडिलांना जमिनी दिल्या खऱ्या, पण जमिनीखालचा कोळसा स्वतःकडे राखून ठेवला होता. वरचं गवत शेतकऱ्याचं आणि खालचा कोळसा सरकारचा. सरकारने तो कंपनीला भाड्याने दिला की कंपनी कुंपणाच्या दाराशी येऊन उभी राहायची.

१९७२ मध्ये मोंटानातल्या या गुरंवाल्यांनी नॉर्दर्न प्लेन्स रिसोर्स कौन्सिल ही संघटना उभी केली. ही माणसं शहरी पर्यावरणवादी नव्हती. यातले बरेच जण सरकारी नियमांना एरवी नाक मुरडणारे होते. पण जमीन गेली तर गुरं गेली, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्याच वर्षी मोंटानाची नवी राज्यघटना झाली आणि नैसर्गिक संपत्ती काढताना बिघडवलेली प्रत्येक जमीन पूर्ववत केली पाहिजे असं कलम तिच्यात आलं. पुढच्याच वर्षी मोंटाना आणि वायोमिंगने त्यासाठी कायदे केले. खुद्द राज्यघटनेत जमिनीच्या पुनर्वसनाला जागा मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

मग ऑक्टोबर १९७३ चं तेलसंकट आलं. अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि अध्यक्ष निक्सन यांनी ऊर्जेच्या स्वावलंबनाची घोषणा केली. स्वावलंबन म्हणजे मुख्यतः कोळसाच. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे एक नेमका प्रश्न गेला. पश्चिमेकडची कोळशाची जमीन खणल्यावर तिच्यावर पुन्हा काही उगवेल का? त्यासाठी नेमलेल्या अभ्यासगटाचे अध्यक्ष थॅडिस बॉक्स हे युटामधले कुरणशास्त्रज्ञ होते. गटाचा अहवाल १९७४ मध्ये आला.

त्यातलं उत्तर पावसाच्या हिशोबात होतं. वर्षाला दहा इंच, म्हणजे अडीचशे मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडणारी जमीन नीट काम केलं तर बहुधा सावरेल. सात इंचांच्या खाली, म्हणजे पावणेदोनशे मिलिमीटरहून कमी पावसाच्या मुलखात, बाहेरून पाणी, खत आणि देखभाल सतत पुरवल्याशिवाय काही जगेल असं दिसत नाही. तिथे निसर्गावर सोडलं तर दशकं, कदाचित शतकंही लागतील. आणि म्हणून अशा जागा खणायच्याच असतील तर देशाने त्या जाणूनबुजून बळी दिलेल्या जागा म्हणून मान्य कराव्यात, असंही अहवालाने सुचवलं. शास्त्रज्ञांना त्यात प्रामाणिकपणा दिसत होता. जे जमणार नाही ते जमेल म्हणून सांगू नका, एवढाच त्यांचा आग्रह होता. पण हे शब्द जिथे जाऊन पोचले तिथली माणसं या कल्पनेने अस्वस्थ झाली. कारण सात इंच पावसाची कोळशाची जमीन नकाशावर शोधू लागलं की बोट न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात नाव्हाहो लोकांच्या राखीव प्रदेशावर जाऊन थांबतं. बळी द्यायची जमीन कुणाची, हे पावसाच्या आकड्यानेच ठरवून टाकलं होतं.

तिथली नाव्हाहो खाण १९६३ पासून चालू होती. शेजारच्या फोर कॉर्नर्स वीज केंद्राला ती कोळसा पुरवायची. आपल्याकडे माण-आटपाडीला दुष्काळी म्हणतात, तिथे पडणाऱ्या पावसाच्या निम्माही या खाणीच्या वाट्याला येत नाही. पश्चिमेला ॲरिझोनात ब्लॅक मेसा हे उंच पठार आहे. नाव्हाहो आणि होपी या दोन्ही जमातींचा त्यावर हक्क, आणि पाऊस जरासा बरा. तिथे १९७० मध्ये पीबॉडी कंपनीची ब्लॅक मेसा खाण सुरू झाली आणि १९७३ मध्ये केयेंटा खाण. ब्लॅक मेसाचा कोळसा भुकटी करून पाण्यात कालवायचे आणि सुमारे ४४० किलोमीटर लांबीच्या नळातून नेवाडातल्या मोहावे वीज केंद्राला पाठवायचे. त्यासाठी पठाराखालच्या जलसाठ्यातून वर्षाला साडेचार-पाच अब्ज लिटर पाणी उपसलं जाई. हे पाणी अतिशय स्वच्छ, पिण्याचं. आजूबाजूच्या वस्त्यांत पुष्कळ घरांना तेव्हा नळ नव्हते आणि लोक पिंपं भरून गाडीतून पाणी आणत. कोरड्या मुलखात कोळसा ढकलायला पिण्याचं पाणी वापरायचं, हा निर्णय मला त्या सगळ्या इतिहासातला सर्वांत अक्षम्य वाटतो.

वॉशिंग्टनमध्ये इकडे खणलेली जमीन पूर्ववत करायला लावणारं विधेयक तयार झालं होतं. ते रेटणाऱ्यांत ॲरिझोनाचे प्रतिनिधी मॉरिस युडाल आघाडीवर होते. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ते दोनदा अडवलं. पहिल्यांदा ३० डिसेंबर १९७४ ला सहीच केली नाही, आणि २० मे १९७५ ला उघड नकाराधिकार वापरला. उत्पादन घटेल, नोकऱ्या जातील, वीज महागेल ही त्यांची कारणं होती. जून १९७५ मध्ये हा नकार उलटवायचा प्रयत्न प्रतिनिधीगृहात अवघ्या तीन मतांनी फसला. अखेर जिमी कार्टर अध्यक्ष झाल्यावर ३ ऑगस्ट १९७७ रोजी व्हाइट हाऊसच्या बागेत कायद्यावर सही झाली. आपल्याला याहून कडक कायदा हवा होता, असं कार्टर यांनी त्याच समारंभात बोलून दाखवलं.

कायद्याने जागोजागच्या प्रथा बदलल्या. वरची माती आधी वेगळी काढायची आणि शेवटी वर पसरायची. जमिनीचा उतार-चढाव जवळपास पूर्वीसारखा करायचा. खणण्याआधी हमीची अनामत भरायची, आणि जमीन सावरल्याची खात्री पटल्याशिवाय ती परत मिळणार नाही. सरकारी कोळशावरची जमीन ज्याची आहे त्याची संमती घ्यायची. या सगळ्यांत कोरड्या मुलखासाठी एक छोटंसं कलम होतं, आणि मला वाटतं खरी धार तिथे होती. शेवटची पेरणी झाल्यावर कंपनीची जबाबदारी इतरत्र पाच वर्षांची, पण जिथे सरासरी पाऊस २६ इंच किंवा कमी, तिथे पूर्ण दहा वर्षांची. या दहा वर्षांत मधेच पुन्हा बी टाकलं, खत दिलं किंवा पाणी सोडलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हिरवळ दाखवायला चार वर्षं नळ सोडून चालणार नव्हतं. जमिनीने आपल्या पावसावर उभं राहायला हवं होतं.

आता उगवायचं कसं, ते शिकणं आलं. हे शिकायला वीसेक वर्षं गेली आणि ते बहुतेक चुकांतून झालं. पहिली चूक मातीच्या साठवणुकीची. काढलेली वरची माती ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली तर ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, मुळांना साथ देणारी बुरशी आणि बरंचसं बी मरतं. माती तीच दिसते, पण उगवत नाही. १९८० च्या आसपासच्या अभ्यासांतून हे पुढे आलं. मग एका टोकाला काढलेली माती त्याच आठवड्यात दुसऱ्या टोकाला भरून झालेल्या जमिनीवर नेऊन पसरायची पद्धत रूढ होऊ लागली. ही बुरशी किती मोलाची असते ते नंतर आपल्याकडेही दिसलं. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातला प्रेसमड आणि मुळांवर वाढणारी बुरशी घालून झाडं उभी केली.

पेरणीचं तंत्र तर बारकाव्यांचं होतं. माती पसरल्यावर अवजड यंत्रांनी ती दाबली जाते. म्हणून रिपरने ती समपातळीत, उताराला आडवी फोडायची. फोडलेल्या सऱ्यांत पाणी थांबतं. मग पेरणी. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात जुलै-ऑगस्टमध्ये गडगडाटी सरी पडतात, त्यांच्या तोंडावर पेरायचं, म्हणजे आपल्या धूळपेरणीसारखंच. पण वाफसा मिळेलच याची खात्री नाही. एखादी सर येते, कोंब फुटतो, पुढचे तीन आठवडे ऊन तळपतं आणि सगळं करपतं. म्हणून एकच एक बी न टाकता गवतं, रोपं आणि झुडपं मिळून डझनभर जातींचं मिश्रण टाकायचं. एकाचं साल गेलं तर दुसऱ्याचं साधेल. वर गवताचं काड पसरून यंत्राच्या चकत्यांनी ते मातीत खोचायचं, नाहीतर वारा ते पुढच्या परगण्यात नेऊन टाकतो. हे काडसुद्धा तणविरहित हवं, नाहीतर आच्छादनाबरोबर तणाची पेरणी होते.

बियाण्यांचे स्वभाव एकेक करून शिकावे लागले. इंडियन राइसग्रास हे तिथलं गवत होपी आणि नाव्हाहो लोक पूर्वापार धान्यासारखं खात आले आहेत. त्याचं बी काळं, गोल आणि टणक असतं. कवच इतकं घट्ट की ते जमिनीत वर्षभर, कधी जास्तही निजून राहतं. इतर गवतं बोटभरही खोल पेरून चालत नाही, हे मात्र वाळूत तीन इंच खोल घातलं तरी साधतं, कारण तिथेच ओल टिकते. फोरविंग सॉल्टबुश या झुडपाच्या फळाला कागदासारखे चार पंख असतात. पंखांसकट बी पेरणी यंत्रात घातलं तर ते नळीत अडकतं, म्हणून आधी ते घासून पंख मोडावे लागतात. नर आणि मादी झुडपं वेगळी, त्यामुळे नुसती रोपं जगून भागत नाही, दोन्ही जगावी लागतात. पण एकदा रुजलं की हे झुडूप क्षार पचवतं, मुळं कित्येक मीटर खोल घालतं आणि हिवाळ्यात शेळ्यामेंढ्यांना त्याचा पाला मिळतो. चोपण ढिगाऱ्यांवर याच्याइतकं कामाला आलेलं दुसरं झुडूप नाही.

नाव्हाहो खाणीत तर पावसावर भरवसाच नव्हता. तिथे पेरणीनंतर सुरुवातीच्या हंगामांत फवारे लावून पाणी दिलं जाई, मग ते तोडायचं आणि दहा वर्षांची मोजणी सुरू व्हायची. बाहेरून पाणी दिल्याशिवाय जमणार नाही, हे १९७४ च्या अहवालाने सांगितलं होतंच. पाणी तोडल्यावर मात्र पुष्कळसं गवत आणि झुडूप टिकलं, आणि हे अहवालाच्या अंदाजापेक्षा बरं होतं. जिद्दीने काम करणाऱ्या माणसांचं हे श्रेय आहे आणि ते द्यायलाच हवं.

सगळीकडे असं झालं नाही. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ कंपन्यांनी सोपा रस्ता धरला. क्रेस्टेड व्हीटग्रास हे सायबेरियाच्या बाजूचं गवत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत आणलं होतं. १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर लाखो एकरांवर तेच पेरलं गेलं. बी स्वस्त, उगवण खात्रीची. खाणींवरही ते झपाट्याने पसरलं आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला हिरवं रान दिसलं. पण ते इतकं दाट धरतं की दुसऱ्या कशाला जागा देत नाही. वायोमिंगचा मूळचा मुलूख सेजब्रश या राखी झुडपाचा. हरणासारखे प्राँगहॉर्न आणि सेज ग्राउस हा पक्षी यांचं हिवाळ्यातलं जगणं त्याच्यावर. सेजब्रशचं बी धुळीच्या कणाएवढं, किलोत काही दशलक्ष दाणे, आणि ते बहुधा वर्ष-दोन वर्षांतच निकामी होतं. कोवळ्या रोपाला गवताशी झुंजावं लागतं, त्यात प्राँगहॉर्न ते खुडतात. खणलेल्या जागी गवत परतलं, झुडूप परतलं नाही. अखेर १९९६ मध्ये वायोमिंगने नियम केला की पूर्ववत केलेल्या जमिनीच्या निदान पाचव्या हिश्श्यावर दर चौरस मीटरला एक झुडूप हवं. त्यानंतर गवताचं बी कमी टाकणं, झुडपांचं बी वेगळ्या पट्ट्यांत पेरणं, बर्फ अडकून ओल वाढेल अशी उंचसखल जमीन राखणं, हे सगळं सुरू झालं. नियम नसता तर ते झालं नसतं, असं माझं मत आहे.

जमीन सावरली की नाही हे ठरवण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. खाणीच्या शेजारचा न खणलेला तुकडा तुलनेसाठी राखून ठेवतात. दोन्हीकडे फीत पसरायची, ठरावीक अंतरावर बारीक सळई सरळ खाली सोडायची आणि तिचं टोक कशाला लागलं ते लिहायचं: गवत, झुडूप, वाळका पाला, दगड की मोकळी माती. भर उन्हात वाकून वाकून अशा हजारो नोंदी घेतात. खणलेल्या जागेवरचं हिरवं शेजारच्या तुकड्याच्या निदान ९० टक्के भरलं तर ती पास. पण तुकडा निवडताना गडबड केली तर? शेजारचा तुकडा आधीच मेंढ्यांनी खरवडलेला असला तर त्याची बरोबरी करणं सोपंच. या पळवाटेवर बराच वाद झाला.

मेंढ्यांचा विषय निघाला की नाव्हाहो घरांत १९३३ नंतरची वर्षं आठवतात. अतिचराईने मातीची धूप होते, तो गाळ बोल्डर धरणात, म्हणजे आजच्या हूव्हर धरणात, भरेल या भीतीने केंद्र सरकारने नाव्हाहो लोकांच्या मेंढ्या-शेळ्या सक्तीने कमी केल्या. हजारो जनावरं विकत घेऊन नेली, काही ठिकाणी तर गोळ्या घालून तिथेच टाकली. मेंढी हे त्या घरांचं अन्न, लोकर, पैसा आणि मुलींचा वारसा होती. अशा लोकांना पन्नास वर्षांनी दुसरा सरकारी माणूस येऊन सांगू लागला की ही जमीन आता नव्याने पेरली आहे, कुंपण घातलं आहे, दहा वर्षं इथे मेंढ्या आणू नका. गवत टिकायला हे गरजेचं होतं, हे खरं. पण ज्या आजीचं घर खाणीसाठी हलवलं, तिची चराईची परवानगी कुठल्या जमिनीवर हलवली, याचं उत्तर कायद्याच्या कलमांत नव्हतं. कायदा जमिनीसाठी लिहिला होता. जमिनीवरच्या माणसांचा त्यात उल्लेख असला तरी हिशोब नव्हता.

उताराच्या बाबतीत मात्र एक चांगला धडा न्यू मेक्सिकोतून आला. कायद्यातल्या जुन्या उताराच्या अटीपायी कंपन्या एकसारखे सपाट उतार आणि सरळ पायऱ्या-बांध बनवत. वळवाचा एक मोठा पाऊस आला की हे बांध फुटायचे. या शतकाच्या सुरुवातीला ला प्लाटा खाणीत वेगळा प्रयोग झाला. आसपासचे नैसर्गिक ओढे मोजले, त्यांची वळणं आणि त्यांच्या काठांचा उतार किती हे पाहिलं, आणि ढिगाऱ्यांना तशीच ओहोळं-टेकड्यांची घडण दिली. अशा जमिनीत सावलीचे आणि उन्हाचे, ओले आणि कोरडे असे कोपरे आपोआप तयार होतात, आणि निरनिराळ्या झाडोऱ्याला आपापली जागा मिळते.

आणखी एक ठिकाण होतं जिथे कायदा पातळ निघाला, आणि ते म्हणजे पैसा. मोठ्या कंपन्यांना रोख अनामतीऐवजी स्वतःच्या आर्थिक पतीवर हमी देण्याची मुभा होती. आम्ही मोठ्या आहोत, बुडणार नाही, एवढंच त्या कागदाचं म्हणणं. २०१५-१६ मध्ये कोळशाचे भाव पडले आणि अल्फा आणि आर्च या कोळसा कंपन्या आणि मग एप्रिल २०१६ मध्ये खुद्द पीबॉडी दिवाळखोरीत गेली. एकट्या पीबॉडीच्या अशा कागदी हम्या एक अब्ज डॉलरहून जास्त होत्या. जमीन पेरायला पैसा कुठून येणार, हा प्रश्न वर्षभर टांगून राहिला. नंतर त्या हम्यांच्या जागी बाहेरच्या हमीदारांचे बाँड आले. पण मोंटानाच्या गुरंवाल्यांनी जी भीती १९७२ मध्ये बोलून दाखवली होती, ती खरी ठरायला थोडंच बाकी होतं.

आपल्याकडे हा विषय न्यायालयातून आला. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, नागपूरचेच असलेले तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने, केंद्र सरकारला सांगितलं की खाणकाम संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत उगवण्याची अट खाणपट्ट्यांत घाला, म्हणजे तिथे जनावरांना चारा मिळेल. चंद्रपूर, वणी, उमरेडकडे खुल्या खाणींच्या कडेला वरून काढलेल्या माती-खडकाचे, ज्यांना लोक सरळ ओबी म्हणतात ते डोंगर उभे आहेत. तिथे पाऊस हजार मिलिमीटरच्या वर. न्यू मेक्सिकोच्या मानाने ही चैनच. त्या ओबीवर आधी काय होतं, वरची माती कुठे गेली आणि आता जे लावलं आहे ते जनावर खातं का, एवढे तीन प्रश्न त्या अटीमुळे विचारता येतात.

ब्लॅक मेसाची गोष्ट अजून संपलेली नाही. मोहावे वीज केंद्र २००५ च्या शेवटच्या दिवशी बंद पडलं आणि त्याबरोबर ब्लॅक मेसा खाण आणि पाण्याचा तो नळही. केयेंटाचा कोळसा खास विजेच्या रेल्वेने पेज गावाजवळच्या नाव्हाहो वीज केंद्राला जायचा. ते २२५० मेगावॉटचं केंद्र नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झालं, खाणही त्याच वर्षी, आणि केंद्राची धुरांडी डिसेंबर २०२० मध्ये सुरुंग लावून पाडली गेली. खाणीतल्या कामगारांत मोठा भरणा नाव्हाहो लोकांचा होता, आणि दोन्ही जमातींच्या सरकारांच्या उत्पन्नाचा मोठा भाग या कोळशातून येत होता. दोन्ही एकदम गेलं. राहिलं ते जमीन भरण्याचं आणि पेरण्याचं काम. जमिनीत १९७७ च्या आधी खणलेले पट्टे आहेत, ज्यांना नवा कायदा लागूच नव्हता. त्यानंतरचे पट्टे आहेत, ज्यांवर गवत आणि झुडूप उभं आहे. आणि अगदी शेवटी भरलेले आहेत, ज्यांवर पेरणी अलीकडची. यातल्या एखाद्या पट्ट्यात शेवटची पेरणी २०२४ मध्ये झाली असेल तर त्याची अनामत २०३४ च्या आधी सुटू शकत नाही. तोपर्यंत दरवर्षी फीत पसरली जाईल, सळई सोडली जाईल, आणि कुंपणापलीकडे मेंढ्या घेऊन थांबलेली कुटुंबं चराईच्या परवान्याविषयी विचारत राहतील.